दार उघडं, मशीन चालू

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यात शिरा. दोन-तीन व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन, एखादं लेथ, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर. मशीनच्या दारावर पिवळं स्टिकर असतं: दार उघडं असताना मशीन चालवू नये. आणि त्याच दाराच्या वीतभर फटीतून ऑपरेटर आत डोकावत असतो. स्पिंडल फिरतोय, कूलंट उडतंय, आणि मशीनला मात्र पक्कं वाटतंय की दार बंद आहे. मशीनचा हा गैरसमज कोणीतरी मुद्दाम करून दिलेला असतो. तो कसा आणि का, याचीच ही हकीकत.

बोटं जाण्याच्या अपघातांत आपल्याकडे पहिला नंबर पॉवर प्रेसचा. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांतही प्रेसच पुढे दिसतो. त्या मानाने सीएनसी मशीन सभ्य समजलं जातं. पत्र्याच्या पेटीत बंद आणि प्रोग्रॅमच्या हुकमाबाहेर न जाणारं. या सभ्यपणाच्या लौकिकामुळेच त्याच्या दाराकडे कोणी गंभीरपणे बघत नाही.

मुळात ही पेटी नव्हतीच. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने पहिलं संख्यानियंत्रित मिलिंग मशीन जगाला दाखवलं, ते सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मशीनवर केलेलं होतं आणि चारी बाजूंनी उघडं होतं. पुढे स्पिंडलचे वेग वाढले, कूलंटचा मारा वाढला, चिप्स लांब उडायला लागल्या, तशी भोवती पेटी आली. युरोपने १९८९मध्ये यंत्रसुरक्षेचा निर्देश काढला आणि तिथे विकायच्या मशीनचे धोकादायक भाग आवरणाआड असणं ही कायद्याची अट झाली. आपल्याकडच्या गाळ्यांत आज तीन पिढ्यांची मशीन एकत्र नांदतात: नवं देशी बनावटीचं व्हीएमसी, मध्यमवयीन तैवानी, आणि जपानमधून आलेलं सेकंडहँड. तिघांच्या दारांची अक्कल वेगवेगळी आहे.

दाराची कामं दोन. एक, आत उडालेलं आत ठेवणं. ६३ मिलिमीटरचा फेसमिल मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर असतो. व्हाइस नीट आवळला नाही, ३०० ग्रॅमचा जॉब निसटला आणि कटरने त्याला याच वेगाने भिरकावलं, तर त्यात ६० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटरने टाकलेल्या सीझन बॉलमध्ये साधारण तेवढीच असते. पण चेंडूला धारदार कोपरे नसतात आणि फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट असतं. म्हणून दाराची खिडकी काचेची नव्हे तर पॉलिकार्बोनेटची असते. हे पॉलिकार्बोनेट कूलंट आणि तेलामुळे वर्षागणिक ठिसूळ होत जातं, वरून मात्र धडधाकट दिसतं. निर्मात्याने दिलेल्या मुदतीत ते बदलायचं असतं. आपल्याकडे ते तडकल्यावरच बदलतात, तेही बाजारातला अॅक्रिलिकचा तुकडा कापून. अशा मशीनचं दार बंद असलं तरी अर्धं उघडंच म्हणायचं.

दाराचं दुसरं काम हात बाहेर ठेवणं, आणि इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. माणसाचा हात सेकंदाला १६०० मिलिमीटर वेगाने पुढे येतो असं धरून सुरक्षिततेची अंतरं काढतात. फार जवळच्या अंतरासाठी तर २००० धरतात. दारापासून कटर ६०० मिलिमीटरवर असेल, तर दार उघडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत हात तिथे पोचतो. आता ८००० फेऱ्यांवर चाललेला स्पिंडल ब्रेक लागून दोन सेकंदांत थांबतो असं समजा. एकसारखा मंदावत गेला तरी त्या दोन सेकंदांत तो १३० हून जास्त फेरे घेतो. म्हणजे दार उघडताच मशीन बंद करणारा स्विच प्रामाणिकपणे चालला, तरी हात पोचेल तेव्हा कटर फिरतच असेल. म्हणून नुसता स्विच पुरत नाही. स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत दार उघडूच न देणारं कुलूप लागतं. जुन्या मशीनांवर स्विच असतो, कुलूप नसतं, हे सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येतं.

वीज गेली तर? तेव्हा ड्राइव्हचा ब्रेक मिळेलच असं नाही, आणि स्पिंडल स्वतःच्या जडपणाने फिरत राहतो. चांगलं कुलूप त्यामुळे स्प्रिंगने लागतं आणि विजेने उघडतं. वीज नसेल तेव्हा दार बंदच राहतं. अडीअडचणीला उघडण्यासाठी कुलपावर एक स्क्रू असतो, त्याला सील असतं. सील तुटलेलं दिसलं तर विचारपूस करावी.

स्विचच्याही जाती आहेत. आयएसओ १४११९ या मानकाच्या २०१३च्या आवृत्तीने त्यांचे चार प्रकार मानले. पहिल्या प्रकारात रोलर किंवा बिजागरीचा साधा यांत्रिक स्विच. दुसऱ्यात दारावर एक वाकडी पोलादी जीभ असते आणि ती चौकटीवरच्या स्विचच्या खाचेत शिरते. गाळ्यात तिला चावीच म्हणतात. तिसऱ्यात साधं चुंबक किंवा प्रॉक्सिमिटी सेन्सर, चौथ्यात सांकेतिक खूण ओळखणारा, बहुधा आरएफआयडीवर चालणारा सेन्सर. या चौथ्यातले वरच्या दर्जाचे सेन्सर हजाराहून जास्त वेगवेगळ्या खुणांतली फक्त आपली खूण ओळखतात. दुसरं चुंबक किंवा दुसऱ्या मशीनची चावी आणून त्यांना फसवता येत नाही.

पहिल्या प्रकारातही एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. रोलर स्विच दार बंद झाल्यावर दाबला जात असेल तर एका चिकटपट्टीने तो कायमचा दाबून ठेवता येतो. शिवाय आतले संपर्क वितळून चिकटले तर दार उघडूनही सर्किट तुटत नाही. तोच स्विच उलटा बसवला, म्हणजे दार उघडताना दाबला जाईल असा, तर दाराचाच जोर संपर्क ओढून तोडतो, चिकटलेले असले तरी. स्विच तोच आणि किंमतही तीच. फक्त बसवण्याची दिशा बदलली. तारांचंही तसंच. दाराचा सिग्नल साध्या पीएलसीच्या, म्हणजे मशीनच्या नेहमीच्या कंट्रोलरच्या, इनपुटला दिला तर एक तार शॉर्ट झाली की खेळ संपला. सेफ्टी रिलेला दोन स्वतंत्र तारांनी दिला तर एक बिघडल्याचं दुसरीमुळे कळतं आणि मशीन पुन्हा सुरूच होत नाही.

एवढं असूनही बायपास होतोच. जादा चावी खाचेत अडकवून ठेवलेली असते, पॅनेलमध्ये जम्पर मारलेला असतो, किंवा सर्व्हिसला आलेला माणूस जाता जाता पॅरामीटर बदलून गेलेला असतो. हे फक्त आपल्याकडे होतं असं समजून कोणी खजील होऊ नये. शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनीत तिथल्या अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. धातुकाम करणाऱ्या मशीनांवरच्या सुमारे ३७ टक्के सुरक्षा साधनांशी कायमची किंवा तात्पुरती छेडछाड होते, आणि या मशीनांवरच्या अपघातांपैकी जवळपास चतुर्थांश त्यामुळे होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. या अभ्यासाने ऑपरेटरला दटावून काम संपवलं नाही. छेडछाड करायचा मोह का होतो, याचा शोध त्याने घेतला, आणि बोट बऱ्याचदा मशीनच्या रचनेकडेच वळलं.

मोह का होतो ते कोणत्याही सेटरला विचारा. कूलंट सुरू झालं की खिडकीतून काही दिसत नाही. नवीन प्रोग्रॅमचा पहिला जॉब लावताना कटर जॉबवर नेमका कुठे उतरतोय हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. टूल आदळलं तर स्पिंडलचा खर्च मालकाचा आणि बोलणी त्याची. ड्रिलवर चिप्सची गुंतवळ होते, ती हुकने ओढायची असते. सायकल टाइम चाळीस सेकंदांचा असेल तर दार उघडण्या-लावण्यातला वेळही मोजला जातो, कारण पगार नगावर असतो. आणि कधी कधी दाराचा स्विचच चिप्स शिरून आचके देत असतो. दुरुस्तीला माणूस चार दिवसांनी येणार असतो, संध्याकाळी माल पाठवायचा असतो, मग मालकच म्हणतो, “सध्या शॉर्ट करून चालव रे.” या वाक्यातला ‘सध्या’ दोन-दोन वर्षं टिकतो. बेफिकीर पोरांनी कुलूप फोडलं, ही मालकांची आवडती कथा मला पटत नाही. बहुतेक बायपास मालकाच्या नजरेसमोर झालेले असतात आणि डिलिव्हरीच्या तारखेने ते करून घेतलेले असतात.

त्यावरचा उपाय नवा शोधायचा नाही. मशिनिंग सेंटरसाठीचं आयएसओ १६०९० हे मानक दार उघडं ठेवून काम करावं लागतं हे मान्य करतं आणि त्यासाठी किल्लीने निवडायचा वेगळा सेटिंग मोड देतं. त्या मोडमध्ये अक्षांचा वेग मिनिटाला २ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. एरवी रॅपिडमध्ये, म्हणजे कटिंग नसतानाच्या जलद हालचालीत, हाच वेग ३० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. स्पिंडलवरही मर्यादा येते, आणि हालचाल होते ती ऑपरेटरने बटण दाबून धरलं तरच. हे बटण बहुधा तीन टप्प्यांचं असतं: सोडलं की बंद, अर्धवट दाबलं की चालू, पूर्ण आवळलं की पुन्हा बंद. घाबरलेला माणूस हातातली वस्तू एक तर टाकून देतो किंवा घट्ट आवळतो, म्हणून दोन्ही टोकांना मशीन थांबतं. कोणाला सुचलं असेल ते असो, माणसाचा स्वभाव ओळखून बनवलेलं याहून चांगलं बटण माझ्या माहितीत नाही.

बाकीचे उपाय साधे आहेत. खिडकीवर गरगर फिरून कूलंट झटकणारी गोल चकती बसवता येते, आत कॅमेरा लावता येतो, चिप्सचे बारीक तुकडे पडतील अशी ड्रिलिंग सायकल निवडता येते. ऑफसेट, म्हणजे जॉबची नेमकी जागा, घेण्यासाठी स्पर्शाने माप घेणारा टच प्रोब वापरला तर दार बंद ठेवूनच मोजमाप होतं. हा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काँकॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजण्यासाठी शोधला, त्यातून १९७३मध्ये रेनिशॉ कंपनी उभी राहिली आणि आज तिचं पुण्यातही कार्यालय आहे. प्रोब महाग आहे हे खरं. पण दिवसाला चार सेटिंग बदलणाऱ्या गाळ्यात तो वाचलेल्या वेळातूनच आपली किंमत फेडू शकतो. सुरक्षितता वर फुकट.

कायद्याचं काय? १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ने यंत्राचे धोकादायक भाग भक्कम आवरणात असावेत आणि यंत्र चालू असेपर्यंत ते आवरण जागेवर असावं असं बजावलं. कलम १११ने सुरक्षा साधनाशी मुद्दाम छेडछाड न करण्याची जबाबदारी कामगारावरही टाकली. पण महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांवर नेली. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कारखान्यासाठी वीसचाच आकडा आहे. वीसहून कमी माणसांचा गाळा त्यामुळे कारखानाच ठरत नाही, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक तिथे सहसा फिरकत नाही. फिरकतो तो मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर, आणि त्याची तारीख आधी कळलेली असते. त्या दिवशी जादा चावी खिशात जाते.

भरपाईची बाजू मात्र वीसच्या आकड्यावर थांबत नाही. कामगाराने स्वतःहून, मुद्दाम सुरक्षा साधन काढल्यामुळे इजा झाली तर मालकाला भरपाईतून सूट मागता येते, अशी तरतूद १९२३च्या कायद्यापासून आहे. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सूट नाही. शिवाय जम्पर पॅनेलमध्ये असेल आणि पॅनेलची किल्ली मालकाकडे असेल, तर ‘कामगाराने स्वतःहून’ हे शब्द सिद्ध करणं अवघड जाईल.

दिवाळीत मशीन बंद असतात, गाळ्यात गर्दी नसते. मालकांनो, सुट्टी संपवून पुन्हा सुरू करण्याआधी एक सकाळ दारांच्या तपासणीसाठी द्या. आधी टूल काढून स्पिंडल रिकामा करा. दार उघडं ठेवून सायकल स्टार्ट दाबा. मशीन हलता कामा नये. दार बंद करून स्पिंडल कमी वेगाने फिरवा आणि बाजूला उभं राहून दार ओढा. ते उघडता कामा नये. कुलूपच नसेल तर निदान स्पिंडल लगेच थांबायला लागला पाहिजे, आणि कुलूप बसवून घ्यायची चौकशी त्याच दिवशी करा. समोरच्या दारावर थांबू नका, बाजूची आणि टूल चेंजरची दारंही बघा. पॅनेल वीज तोडून इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या आणि ड्रॉइंगमध्ये नसलेली तार शोधायला सांगा. बिघडलेला स्विच काही हजार रुपयांत मिळतो, त्याची ऑर्डर त्याच दिवशी द्या. आणि जादा चावी सापडली तर ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका. वाकवा आणि स्क्रॅपमध्ये टाका.