झालरीच्या बाह्यांचा बँड

‘अलबेला’ मी किती वेळा पाहिला, हे आमच्या घरी कुणाला विचारू नये. १९५१ सालचा हा चित्रपट. लोक त्यात भगवानदादांची कंबर आणि गीता बालीचे डोळे बघतात. माझी नजर मात्र ‘दीवाना परवाना’ या गाण्यात मागच्या मंडळींवर खिळते. झालरीझालरीच्या फुगीर बाह्यांचे सदरे घातलेले ते वादक क्युबाहून आल्यासारखे दिसतात. त्यांच्यातला ट्रम्पेटवाला नीट पाहा. एक्स्ट्रा नट नुसते गाल फुगवतात. या माणसाची बोटं झडपांवर बरोबर पडतात आणि ओठ घट्ट आवळलेले दिसतात. तो खरोखरीचा वादक आहे. त्याचं नाव चिक चॉकलेट, आणि मागे आहे तो त्याचाच बँड.

मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळा होत्या आणि तिथे पोरांना सोल्फेजो, व्हायोलिन, स्वरलिपी असं सगळं घोटून शिकवलं जाई. हेतू होता चर्चमधल्या गाण्याचा. पण त्या शाळांनी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांना, लष्करी बँडांना आणि पुढे सिनेमाला दोन-तीन पिढ्या वादक पुरवले. मुंबईत ताज हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक तीसच्या दशकाच्या अखेरीस जॅझ वाजवत होता आणि त्याच्या बँडमध्ये फ्रँक फर्नांडसारखे गोवेकर होते. चिकचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. चिकच्या ‘म्युझिक मेकर्स’ बँडने चाळीसच्या दशकात हॉटेलं गाजवली आणि त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी चिकटली.

मग आली दारूबंदी. मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री सुकल्या आणि वादकांनी दादर-ताडदेवच्या स्टुडिओंची वाट धरली. एरवी दारूबंदीने काय साधलं यावर वाद घालता येईल; हिंदी चित्रपटसंगीताला मात्र तिच्यामुळे फुकटात एक जॅझ बँड मिळाला, असं माझं ठाम मत आहे.

तिथे चिकची गाठ पडली आपल्या अण्णांशी, म्हणजे ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी. पुणतांब्याचा जन्म, पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे तालीम, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र, १९८२ मध्ये निधन. ही माहिती वाचकांना असतेच, म्हणून इथे एवढीच पुरे.

मला कुतूहल आहे ते त्या दोघांच्या कामाच्या पद्धतीचं. अण्णा पेटीवर चाल बांधत. पाश्चात्त्य स्वरलिपी हे तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक संगीतकारांचं क्षेत्र नव्हतं. ती चाल ऐकून ट्रम्पेटला काय, सॅक्सोफोनला काय, क्लॅरोनेटने कुठे घुसायचं आणि बोंगोने कुठे गप्प बसायचं, हे कागदावर उतरवायला गोवेकरच लागे. कडव्यांमधल्या ज्या तुकड्यांवर आपण टेबल बडवतो, ते पुष्कळदा या कागदांत जन्मले. श्रेयनामावलीत मात्र त्याची नोंद ‘सहायक’. चाल आणि रंगत यांच्यात थोर कोण, हा वाद मला घालायचा नाही. पण ‘ईना मीना डीका’मधून वाद्यवृंद काढा आणि नुसती चाल पेटीवर वाजवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

‘ईना मीना’ १९५७च्या ‘आशा’मधलं. त्याच वर्षी, ६ मार्चला, पश्चिम आफ्रिकेतला घाना स्वतंत्र झाला. हे विषयांतर नाही. म्हणजे आहे, पण कामाचं आहे. तिथल्या ‘हायलाइफ’ संगीताची कुळकथा आपल्यासारखीच. किनाऱ्यावरच्या इंग्रजी किल्ल्यांतले लष्करी बँड, कॅरिबियन सैनिकांनी आणलेले ताल, चर्चची गाणी, आणि खाली पक्का देशी ठेका. ई. टी. मेन्सा हा त्याचा राजा. पेशाने औषधविक्रेता, हातात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, बँडचं नाव ‘टेम्पोज’. १९५६ मध्ये आर्मस्ट्राँग अक्रात आला तेव्हा मेन्साने त्याच्यासोबत वाजवलं. स्वातंत्र्यावर त्याने गाणंही केलं. फरक एवढाच की मेन्साच्या तबकडीवर मेन्साचं नाव असे. आपल्याकडे तबकडीवर गायक, संगीतकार आणि चित्रपट. वाजवणाऱ्यांना जागा नाही. चिक १९६७ मध्ये वारला. वय जेमतेम एक्कावन.

त्याचा वारसा बघायला संग्रहालयात जायची गरज नाही, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर उभं राहावं. प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही पुण्याच्या बँडांची नावं पुणेकराला तोंडपाठ. अलीकडे ढोल-ताशाच्या दणक्यात बँडचा आवाज दबतो, हे माझं जुनं दुखणं. पण बेलबाग चौकापाशी पथक पुढे सरकलं आणि मधे फट पडली की पितळी सूर घुमतो. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ सुरू झालं की भारदस्त काकासुद्धा कोपर दुमडून भगवानदादा होतात. बँडवाल्याकडे तेव्हा जवळून पाहावं. गाणं संपलं की तो ट्रम्पेटची छोटी कळ दाबून आत साठलेलं पाणी रस्त्यावर झटकतो, शर्टाच्या बाहीने ओठ पुसतो, मास्तरांची मान हलली की पुन्हा तोंडाला लावतो. मी एकदा एका ज्येष्ठ वादकाला चिक चॉकलेटबद्दल विचारलं. नाव ऐकलं नव्हतं. पण त्या गाण्यातला ट्रम्पेटचा तुकडा त्याने तिथल्या तिथे, चहाचा कप खाली ठेवून, जसाच्या तसा फुंकून दाखवला. वडिलांकडून शिकलो, म्हणाला.

ही वाद्यंसुद्धा बहुतेक मेरठची. तिथल्या जली कोठीच्या बाजारात नादिर अली नावाच्या लष्करी बँडमास्तरने १८८५ मध्ये पेढी काढली, तिथे आजही पितळ ठोकलं जातं. तो एक वेगळा लेख होईल. संपादकांनी पानं दिली तर.

तूर्त वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर जुन्या लग्नांचे, ऑर्केस्ट्रांचे, मेळ्यांचे फोटो असतील. त्यात कोपऱ्यात उभे बँडवाले असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची नावं विचारा आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढल्या दिवाळीपर्यंत थांबू नका.