हवाई टॅक्सीचे गणित जमिनीवरच अडते

पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिम्पिक स्पर्धेच्या काळात शहराच्या आकाशातून विजेवर चालणाऱ्या टॅक्सी धावतील, अशी घोषणा बरीच आधीपासून करण्यात आली होती. सीन नदीत एका तरंगत्या धक्क्यावर त्यांच्यासाठी तळ उभारण्याचेही ठरले होते. मात्र स्पर्धा पार पडल्या तरी भाडे भरून एकाही प्रवाशाने या टॅक्सीतून प्रवास केला नाही. 'व्होलोकॉप्टर' या जर्मन कंपनीच्या विमानाला आवश्यक ते प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही, पॅरिस महापालिकेचा विरोधही कायम राहिला. अखेर व्हर्साय येथे प्रवाशांविना एक प्रात्यक्षिक उड्डाण करून कंपनीला समाधान मानावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२५ मध्ये ती दुसऱ्या मालकाच्या हाती गेली.

याचा अर्थ ही कल्पनाच फोल आहे, असा नव्हे. चीनच्या 'ईहँग' कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकरहित विमानाला तेथील हवाई वाहतूक प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेच्या 'जोबी' कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, तर २०२५ च्या उन्हाळ्यात दुबईत चाचणी उड्डाणे केली. ही यंत्रे उडू शकतात, याविषयी आता शंका उरलेली नाही. ती शहरात उतरणार कोठे, कोणाच्या घरावरून जाणार आणि त्यांचा भार कोण सोसणार, हे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. आणि त्यांची उत्तरे जमिनीवरच शोधावी लागणार आहेत.

जुनेच स्वप्न

शहरातल्या शहरात हवाई मार्गाने प्रवास ही कल्पना नवी नाही. 'न्यूयॉर्क एअरवेज' या कंपनीने १९५३ मध्ये हेलिकॉप्टरमधून प्रवासी वाहतूक सुरू केली. डिसेंबर १९६५ पासून मॅनहॅटनमधील ५९ मजली पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून केनेडी विमानतळापर्यंत उड्डाणे होऊ लागली. रस्त्याने तासभर लागणारे अंतर काही मिनिटांत पार होत असे. पण अशा सेवांना मिळणारे अमेरिकी सरकारचे अनुदान १९६५ मध्येच बंद झाले होते. गच्चीवरील ही सेवा १९६८ मध्ये थांबली.

फेब्रुवारी १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि अवघ्या तीन महिन्यांत, १६ मे १९७७ रोजी, भीषण अपघात घडला. गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा चाकांचा आधार धातूच्या थकव्यामुळे मोडला, यंत्र कलंडले आणि फिरत्या पात्यांनी चार प्रवाशांचा बळी घेतला. तुटलेल्या पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर कोसळून एक पादचारी महिलाही मृत्युमुखी पडली. गच्चीवरील तळ कायमचा बंद झाला आणि १९७९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्या पादचारी महिलेने तिकीट काढले नव्हते आणि तिला त्या हेलिकॉप्टरमधून कोठे जायचेही नव्हते. हवाई टॅक्सीच्या सुरक्षेचा विचार करताना केवळ प्रवाशांचा हिशेब करून भागत नाही, हा धडा या अपघाताने दिला.

बॅटरीचे ओझे

आजची हवाई टॅक्सी हेलिकॉप्टरपेक्षा वेगळी आहे. हेलिकॉप्टरला एक मोठा पंखा व इंधनावर चालणारे इंजिन असते. नव्या विमानांत अनेक छोटे पंखे असून प्रत्येकाला स्वतंत्र विद्युत मोटर असते. 'ईहँग'च्या विमानाला असे १६ पंखे आहेत. 'जोबी'च्या विमानाला सहा पंखे असून ते वर उडताना आकाशाच्या दिशेने, तर पुढे जाताना समोरच्या दिशेने वळतात. हवेत वेग घेतल्यावर भार पंखांऐवजी बाजूचे पंख पेलतात, त्यामुळे ऊर्जा वाचते. मोटर व पंखे अनेक असल्याने एखादा बंद पडला तरी विमान सावरू शकते. यंत्रातील फिरते भागही कमी असल्याने देखभाल सोपी व्हावी, अशी अपेक्षा आहे.

अडचण आहे ती बॅटरीची. एक किलो विमान इंधनात सुमारे १२ हजार वॅट-तास ऊर्जा साठलेली असते, तर चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे २५० ते ३०० वॅट-तास. विद्युत मोटर इंजिनापेक्षा ऊर्जेचा कितीतरी अधिक चांगला वापर करते, हे लक्षात घेतले तरी प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या ऊर्जेत दहा पटींहून अधिक तफावत राहते. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढेच वजन वाहावे लागते. उभ्या दिशेने उडताना आणि उतरताना सर्वाधिक शक्ती खर्च होते. म्हणजे उतरण्याच्या क्षणी, जेव्हा बॅटरी सर्वांत कमी भरलेली असते, तेव्हाच तिच्याकडून सर्वाधिक मागणी होते.

त्यातच राखीव ऊर्जेचा नियम आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टरला इच्छित स्थळी पोचल्यावरही आणखी २० मिनिटे उडता येईल एवढे इंधन बाळगावे लागते. ज्या विमानाची एकूण क्षमताच २५ मिनिटांच्या आसपास आहे, त्याला असा नियम तंतोतंत लावल्यास प्रवासासाठी वेळ उरतो तो किती? याच कारणास्तव नियामक आणि उत्पादक यांच्यात राखीव ऊर्जेवरून दीर्घकाळ चर्चा सुरू राहिली. 'एअरबस'सारख्या बड्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपला हवाई टॅक्सी प्रकल्प थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा बॅटरीचे तंत्र अद्याप पुरेसे परिपक्व नसल्याचे कारण देण्यात आले होते.

शंभर कोटी तासांची कसोटी

शहरावरून प्रवासी घेऊन उडणाऱ्या अशा विमानांसाठी युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये कठोर निकष निश्चित केला. जीवघेणी ठरेल अशी यांत्रिक बिघाडाची शक्यता शंभर कोटी उड्डाणतासांत एकाहून अधिक असता कामा नये. मोठ्या प्रवासी विमानांना लागू असलेलीच ही कसोटी आहे. यामागचे कारण उघड आहे. इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टरचा मोठा पंखा वाऱ्याने फिरत राहून यंत्राला बऱ्यापैकी सावकाश खाली आणू शकतो. छोट्या पंख्यांच्या विमानाला ही सोय नसते. त्यामुळे मोटर, बॅटरी, संगणक अशा प्रत्येक गोष्टीला पर्यायी व्यवस्था ठेवावी लागते आणि ती सिद्धही करून दाखवावी लागते.

या परीक्षेला वर्षे लागतात आणि तेवढा काळ एक रुपयाही उत्पन्न नसताना कंपनीला तग धरावा लागतो. जर्मनीचीच 'लिलियम' ही कंपनी २०२४ मध्ये याच टप्प्यावर कोलमडली. केंद्र सरकारने पाच कोटी युरोच्या कर्जाला हमी द्यावी, ही तिची मागणी तेथील संसदेच्या अर्थसंकल्पीय समितीत मान्य झाली नाही. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा विमानांच्या वैमानिकांचे प्रशिक्षण व उड्डाण यांविषयीचे नियम प्रसिद्ध केले.

उतरायचे कोठे?

हवाई टॅक्सीच्या तळाला 'व्हर्टिपोर्ट' असे नाव रूढ झाले आहे. गच्चीवर पांढरे वर्तुळ रंगविले की तळ तयार झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात 'जोबी'च्या विमानाचे उड्डाणावेळचे वजन सुमारे २,४०० किलो आहे. एवढे वजन उचलण्यासाठी हवेचा जोरदार झोत खाली सोडावा लागतो आणि तो आजूबाजूला पसरतो. त्यामुळे माणसे, सामान व इतर विमाने यांच्यापासून सुरक्षित अंतर राखावे लागते. याखेरीज जलद चार्जिंगसाठी मोठी वीजजोडणी, बॅटरीची आग विझविण्याची खास यंत्रणा, प्रवाशांची तपासणी आणि येण्याजाण्याचा मोकळा हवाई मार्ग या सर्वांची गरज असते.

क्षमतेचा साधा हिशेब करून पाहता येईल. एखाद्या तळावर चार विमाने उभी राहू शकतात आणि उतरणे, चार्जिंग व पुन्हा उड्डाण यांसाठी प्रत्येकाला १५ मिनिटे पुरतात, असे मानले तर तासाला १६ उड्डाणे होतील. प्रत्येकी चार प्रवासी धरले तर तासाला ६४ जण. मुंबईतील बारा डब्यांच्या एकाच लोकलमधून गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक प्रवासी जातात. हवाई टॅक्सीमुळे वाहतूककोंडी फुटेल, हा दावा या हिशेबात टिकत नाही. काही मोजक्या प्रवाशांची कोंडीतून सुटका होईल, इतकेच म्हणता येईल.

आवाजाचा प्रश्नही तळाशीच जोडलेला आहे. अमेरिकेच्या 'नासा'समवेत केलेल्या मोजणीत 'जोबी'च्या विमानाचा आवाज सुमारे ५०० मीटर उंचीवरून जाताना ४५ डेसिबल इतकाच भरला. हेलिकॉप्टरच्या तुलनेत ही मोठी प्रगती होय. मात्र उड्डाण व अवतरण करताना, शंभर मीटर अंतरावर, हा आवाज ६५ डेसिबलच्या आत राहतो असे कंपनी सांगते. आपल्याकडील २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची सरासरी पातळी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत असावी लागते. एका उड्डाणाने सरासरी फारशी वाढणार नाही. परंतु दर चार मिनिटांनी एक उड्डाण झाले तर शेजारच्या इमारतीतील रहिवाशांना ते सुसह्य वाटेल का, याचा विचार आधीच व्हायला हवा.

मुंबई, दिल्ली आणि बंगळुरू

हवाई टॅक्सीची चर्चा भारतालाही नवी नाही. 'उबर'ने २०१८ मध्ये या सेवेसाठी ज्या पाच देशांची नावे जाहीर केली, त्यांत भारत होता आणि मुंबई, दिल्ली व बंगळुरू ही शहरे विचाराधीन होती. पुढे 'उबर'नेच डिसेंबर २०२० मध्ये आपला हा विभाग 'जोबी'च्या हवाली केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'इंडिगो'ची प्रवर्तक 'इंटरग्लोब' व अमेरिकेची 'आर्चर' यांनी सामंजस्य करार केला. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंतचे अंतर सात मिनिटांत पार करण्याचा आणि २०२६ मध्ये सेवा सुरू करण्याचा मानस तेव्हा व्यक्त करण्यात आला होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये व्हर्टिपोर्टसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. आयआयटी मद्रासच्या परिसरात उदयास आलेली 'ईप्लेन' आणि बंगळुरूची 'सरला एव्हिएशन' या भारतीय कंपन्याही रिंगणात उतरल्या आहेत. १९३६ मध्ये विमान चालविणाऱ्या भारतीय महिला सरला ठकराल यांच्यावरून दुसऱ्या कंपनीने नाव घेतले आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर येथील अडचणी अधिक आहेत. सांताक्रूझ विमानतळाकडे येणारी विमाने घाटकोपर, कुर्ला या दाट वस्तीवरून खाली उतरतात. जवळच जुहूचा १९२८ पासूनचा विमानतळ असून तेथून हेलिकॉप्टरची ये-जा चालते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळाचीही भर पडली. या तिन्हींच्या मार्गांना धक्का न लावता कमी उंचीवर नवी वाहतूक सुरू करणे, हे नियंत्रण कक्षांपुढचे मोठे आव्हान ठरेल. पावसाळ्यात कमी दृश्यमानता आणि सोसाट्याचा वारा यांमुळे उड्डाणे किती दिवस बंद ठेवावी लागतील, यावरच सेवेचा भरवसा आणि भाडे अवलंबून राहील. उंच इमारतींवरील हेलिपॅडना मुंबईकरांनी आवाजाच्या कारणावरून यापूर्वी विरोध केलेला आहेच.

पहिला हक्क कोणाचा?

दुबईने मात्र निराळा मार्ग पत्करला. तेथील रस्ते व वाहतूक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'जोबी'शी सहा वर्षांचा करार केला आणि विमानतळ, पाम जुमेरा, डाउनटाउन व मरिना अशा चार जागा आरंभीच निश्चित केल्या. विमानतळापासून पाम जुमेरापर्यंत मोटारीने लागणारी ४५ मिनिटे दहावर येतील, असा प्राधिकरणाचा अंदाज होता. समुद्रकिनारा, रुंद रस्ते आणि एकहाती निर्णय घेणारे प्रशासन ही तेथील जमेची बाजू. पॅरिसमध्ये सरकार एका बाजूला आणि महापालिका दुसऱ्या बाजूला, असे चित्र होते. भारतातही आकाश केंद्राच्या अखत्यारीत, तर जमीन, बांधकाम परवाने आणि अग्निशमन हे राज्य सरकार व महापालिकांच्या हाती आहे. म्हणजे विमानाला मान्यता मिळाली तरी निम्मा निर्णय शहरातच व्हायचा आहे.

या निर्णयात प्राधान्यक्रमाला महत्त्व आहे. उतरण्याच्या जागा आणि कमी उंचीवरचे हवाई मार्ग मर्यादितच राहणार असतील तर त्यांचा पहिला लाभ कोणाला मिळावा? 'ईप्लेन'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ हवाई रुग्णवाहिका पुरविण्याचा करार जाहीर केला. अवयव प्रत्यारोपणासाठी आज पोलिसांना रस्ते अडवून 'ग्रीन कॉरिडॉर' करावा लागतो. तेथे वाचलेली वीस मिनिटे एखाद्याचा जीव वाचवू शकतात. विमानतळाकडे निघालेल्या व्यावसायिकाची वीस मिनिटे वाचणे हीदेखील सोय आहे. पण तिची किंमत त्याने स्वतः मोजावी, खालच्या वस्तीने आवाज सोसून किंवा महापालिकेने सवलतीत जागा देऊन नव्हे.

रुग्णालयांच्या आवारात तळ उभारायचे की बड्या व्यापारी संकुलांच्या गच्चीवर, उड्डाणे रात्री किती वाजता थांबवायची, अपघात झाल्यास खाली राहणाऱ्यांना भरपाई कोण देणार, हे सारे पहिले विमान उतरण्यापूर्वी ठरविता येण्याजोगे आहे. शहरांच्या विकास आराखड्यांत त्यासाठी तरतूद करणे आणि रहिवाशांच्या हरकती वेळीच मागविणे, हे काम बॅटरी सुधारण्याची वाट न पाहताही सुरू करता येईल.