वर्ल्डकप न खेळलेला माली आणि नवी मुंबईतले तीन सामने

देवगाव फाटा (ता. सेलू) : फुटबॉलचा विषय निघाला की आपली पोरं ब्राझील, अर्जेंटिना, फार तर मोरोक्कोचं नाव घेतात. पश्चिम आफ्रिकेतला माली कुणाच्या तोंडी नसतो. खरं तर या मुस्लिमबहुल देशाचा १७ वर्षांखालचा संघ आपल्याच महाराष्ट्रात तीन सामने खेळून गेलाय.

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्डकप झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर माली पॅराग्वेकडून ३-२ ने हरला, मग तुर्कीला ३-० ने हरवलं. पुढे इराक आणि घानाला बाहेर काढून पोरं सेमीफायनलला परत तिथंच आली. समोर स्पेन. मालीच्या दुकुरेनं लांबून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडल्याचं रिप्लेत दिसलं, पण गोल दिला गेला नाही. सामना ३-१ ने गेला. तो गोल मिळाला असता तर निकाल बदलला असता असं आम्ही म्हणणार नाही, पण हळहळ वाटतेच.

मोठ्यांच्या संघाचं नशीबही असंच. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९७२ मध्येच संघ आफ्रिका कपच्या फायनलला गेला; काँगोकडून ३-२ ने हार. त्या संघातला सालिफ कैता १९७० मध्ये आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, हा किताब मिळवणारा पहिलाच. २०१२ आणि २०१३ ला तिसरा नंबर. वर्ल्डकप मात्र एकदाही नाही. २०२६ च्या पात्रता फेरीत त्यांच्या गटातून घाना पुढे गेला.

मालीत खेळाडूंची कमी नाही, पण बरेच जण युरोपात जन्मतात आणि कोणत्या देशाकडून खेळायचं हा प्रश्न येतो. फ्रेडरिक कानूते फ्रान्समध्ये जन्मला, फ्रान्सच्या २१ वर्षांखालच्या संघात खेळला. नियम बदलल्यावर २००४ मध्ये त्यानं वडिलांचा देश माली निवडला. इस्लाम स्वीकारलेला हा खेळाडू स्पेनच्या सेव्हिया क्लबकडून खेळायचा. सेव्हिया शहरातल्या मुसलमानांची नमाजची भाड्याची जागा विकली जाणार होती. २००७ मध्ये कानूतेनं स्वतःच्या पैशानं ती विकत घेतली, आणि तिथली नमाज बंद पडली नाही.