फिटच्या गोळ्यांचा महिन्याचा हिशेब

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत रुजू झाले की गळ्यातल्या ओळखपत्राबरोबर आरोग्य विम्याचे कार्डही मिळते. विमा लाखांचा असतो. पण अपस्मार, म्हणजे फिटचा त्रास असलेल्याला दरमहा त्याचा उपयोग फारसा होत नाही. असा विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो. फिटचा खर्च मात्र रोज सकाळ-संध्याकाळच्या गोळीत असतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो.

गोळी महाग पडते ती पुष्कळदा औषधामुळे नव्हे, ब्रँडमुळे. लेव्हेटिरासिटाम, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट यांची पेटंट केव्हाच संपली. एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या किमतींना विकतात. ब्रिव्हारासिटामचे पेटंट भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये संपले आणि लगेच इथल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानात आल्या.

सरकारचा लगाम आहे, पण सैल. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या गोळ्यांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे 16 टक्के धरायचे, असे ते गणित. गोळी बनवायला किती खर्च येतो, हा प्रश्न त्यात येतच नाही. यादीबाहेरच्या औषधांना ही मर्यादाही नाही. त्यांची किंमत वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. सप्टेंबर 2025 मध्ये औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. आपल्या गोळीची कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर पाहता येते.

मग सरळ जनऔषधी केंद्रात जावे का? जावे, पण आधी डॉक्टरांशी बोलून. फिटच्या औषधाची रक्तातली पातळी घसरली की झटका येऊ शकतो. फेनिटॉइन तर फारच लहरी; डोस किंचित वाढवला तरी पातळी एकदम उसळते. म्हणून दुकानदाराने ‘हे नाही, ते घ्या’ म्हणून दिलेली पट्टी मुकाट्याने घेऊ नये. याचा अर्थ जेनेरिक गोळी कमअस्सल असते असा नाही. अमेरिकेत मोजक्या रुग्णांना लॅमोट्रिजिनच्या दोन जेनेरिक गोळ्या आलटूनपालटून दिल्या, तेव्हा रक्तातल्या पातळीत लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते बदल एकदाच, ठरवून करावा आणि मग त्याच कंपनीची गोळी चालू ठेवावी.

डॉक्टरांना खर्चाबद्दल विचारायला आपण उगाच लाजतो. ‘हेच औषध कमी किमतीत कोणते चालेल?’ एवढे विचारले तरी पुरते. मात्र स्वस्त औषध प्रत्येकाला चालतेच असे नाही. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत.

औंधचे जिल्हा रुग्णालय हिंजवडीपासून फार लांब नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. घरी आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या महिन्याच्या आणाव्यात. जनऔषधीत हवी ती गोळी दर वेळी मिळतेच असे नाही आणि शेवटची गोळी घेऊन संध्याकाळी सातला फेज थ्रीतून वाकडकडे निघालात, तर दुकान बंद व्हायच्या आत पोहोचाल याची खात्री कोण देणार?