आकडा समाजाचा, नाव रुग्णाचे

आजारी माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा शरीराबरोबर आपल्या संसाराची पुष्कळशी खाजगी हकीकतही तो त्यांच्या स्वाधीन करीत असतो. ही हकीकत दवाखान्याबाहेर जाणार नाही, असा विश्वास असेल तरच तो खरे सांगतो आणि खरे सांगितले तरच योग्य उपचार होऊ शकतात. पूर्वी हा विश्वास सर्वस्वी वैद्याच्या सचोटीवर अवलंबून असे. आज त्याला कायद्याचा आधार आहे. तथापि हा आधार निरनिराळ्या अधिनियमांत व विनियमांत विखुरलेला असल्यामुळे रुग्णांना, आणि पुष्कळदा आरोग्य कर्मचाऱ्यांनाही, त्याची पुरेशी ओळख नसते.

बीड जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात आणि त्या जोडीच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. अशा स्थितीत स्त्रीचे दुखणे ही तिची एकटीची बाब राहत नाही. ते चारचौघांत झाले तर पुढील हंगामातील कामावर आणि उचलीवर परिणाम होईल, अशी धास्ती कुटुंबाला वाटते. मग दुखणे अंगावर काढले जाते आणि ते बळावल्यावर जवळ असेल त्या दवाखान्याची वाट धरली जाते. गुप्ततेची हमी ही म्हणूनच येथे आरोग्यसेवेची पहिली पायरी ठरते.

संख्या उघड, नावे बंद

दुसऱ्या बाजूने पाहता, आजारांची माहिती समाजापुढे येणेही तितकेच आवश्यक असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही संख्या पुढे आली नसती तर प्रश्नाचे गांभीर्य कोणालाच कळले नसते. परंतु त्या संख्येतील एकाही स्त्रीचे नाव लोकांना कळण्याची गरज नव्हती. आकडा समाजाचा असतो, नाव मात्र रुग्णाचेच राहते. आरोग्यविषयक गोपनीयतेच्या सर्व कायद्यांचे सार या एका वाक्यात सांगता येईल.

अनुक्रमांकामागे सुरक्षित नाव

या तत्त्वाचा सर्वांत काटेकोर अवलंब वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ आणि त्याखालील विनियमांत दिसून येतो. गर्भपातासाठी दाखल होणाऱ्या स्त्रीचे नाव फक्त दाखल नोंदवहीत लिहावयाचे असते. ही नोंदवही गुप्त दस्तऐवज मानली जाते. रुग्णपत्रिका, शस्त्रक्रियागृहाची नोंदवही, पुढील तपासणीचे कार्ड यांपैकी कशावरही तिचे नाव येता कामा नये. तेथे केवळ तिचा अनुक्रमांक लिहावयाचा असतो. संमतिपत्र व डॉक्टरांचे अभिमत मोहोरबंद पाकिटात ठेवून त्यावर ‘गुप्त’ असा शेरा मारावा लागतो. २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम ‘५ अ’ घालण्यात आले. त्यानुसार कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणासही स्त्रीचे नाव वा तपशील सांगणाऱ्या डॉक्टरांस एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास तिची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीच्या वा सासरच्या मंडळींच्या संमतीची अट कायद्यात नाही.

गुप्तता रुग्णासाठी, गुन्ह्यासाठी नव्हे

येथे एक शंका साहजिकच उपस्थित होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली आढळल्या. २०१२ साली परळी वैजनाथ येथील बेकायदेशीर गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा जिल्ह्यात गुप्ततेवर भर दिल्याने गैरप्रकारांना आडोसा तर मिळणार नाही ना, असे कोणासही वाटेल.

या शंकेचे उत्तर कायद्यातच आहे. प्रसूतिपूर्व निदानतंत्राचे नियमन करणाऱ्या १९९४ च्या अधिनियमानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा तपशील ‘एफ’ नमुन्यात भरून किमान दोन वर्षे जतन करावा लागतो. न्यायालयीन प्रकरण सुरू असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत तो ठेवावा लागतो. समुचित प्राधिकाऱ्याने मागितल्यास हे अभिलेख तपासणीसाठी खुले करणे केंद्रावर बंधनकारक आहे. ‘रुग्णाची माहिती गुप्त आहे’ ही सबब तेथे चालत नाही. तपासणी अधिकाऱ्याने पाहिलेले नाव मात्र त्याने गावात सांगावयाचे नसते. गोपनीयतेचे कवच रुग्णासाठी आहे. नोंदी दडविणाऱ्या केंद्रचालकाला त्यामागे लपता येत नाही.

एच.आय.व्ही., क्षय व मानसिक आजार

ज्या आजारांबद्दल समाजात अकारण भीती आहे, त्यांच्या बाबतीत नाव फुटल्यास रुग्ण वाळीत पडण्याचा धोका असतो. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार सामान्यतः रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीवाचून त्याची चाचणी करता येत नाही व तिचा निष्कर्ष इतरांस सांगता येत नाही. जोडीदारास संसर्गाचा मोठा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली, तर आपला इरादा रुग्णास आधी कळवून डॉक्टर वा समुपदेशक जोडीदारास प्रत्यक्ष भेटीत माहिती देऊ शकतात. मात्र त्यामुळे रुग्णास, विशेषतः स्त्रीस, मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर ही माहिती देऊ नये असा दंडक आहे. वीस वा अधिक व्यक्ती असलेल्या आरोग्यसंस्थेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची सूचना आरोग्य यंत्रणेस देणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. उपचार पूर्ण व्हावेत आणि संसर्ग आटोक्यात यावा, हा त्यामागील हेतू आहे. रुग्णाचे नाव यंत्रणेकडे जाते. ते गावच्या चावडीवर जाणे अभिप्रेत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नेही रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला असून त्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आहे.

डॉक्टरांचे कर्तव्य आणि त्याच्या मर्यादा

२००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेनुसार उपचारांच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित उघड करणे हे गैरवर्तन ठरते. त्याला तीन अपवाद आहेत : न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग. याच आचारसंहितेनुसार रुग्णाने वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने आपले वैद्यकीय अभिलेख मागितल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावयाचे असतात. गुप्तता इतरांपासून असते. रुग्णाला स्वतःची माहिती मिळण्याचा पूर्ण हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिल्यामुळे या सर्व तरतुदींना संविधानाचे अधिष्ठान लाभले. संगणकावरील माहितीसाठी संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आहे.

उपकेंद्रापासून रुग्णालयापर्यंत

कायदा कितीही चांगला असला तरी तो पाळला जातो तो नोंदणीच्या खिडकीवर आणि बाह्यरुग्ण विभागातील टेबलावर. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातील उपकेंद्र असो वा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, काही साध्या गोष्टी सर्वत्र पाळता येतात. रांगेतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आजाराचे नाव उच्चारू नये. तपासणीच्या जागी निदान पडद्याचा आडोसा असावा आणि पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करीत असतील तर तेथे दुसरी स्त्री उपस्थित असावी. नोंदवह्या टेबलावर उघड्या न ठेवता कुलपात ठेवाव्यात. प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णाच्याच हाती द्यावा. सोबत आलेल्या नातेवाइकाकडे वा मुकादमाकडे परस्पर सोपवू नये. अहवालाचे किंवा रुग्णाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील गटात टाकणे तर सर्वथैव टाळावे, कारण एकदा पसरलेली माहिती परत घेता येत नाही.

आशा सेविकेची जबाबदारी येथे सर्वांत नाजूक असते. ती त्याच गावची रहिवासी असते, त्याच पाणवठ्यावर भेटते आणि घरोघरीची माहिती तिच्या वहीत असते. वहीतील गोष्ट वहीतच राहिली तर गावातील स्त्रिया तिच्याकडे आपणहून येतात. ती एकदा बाहेर फुटली तर पुढील सर्वेक्षणात खरी उत्तरे मिळणे कठीण होते.

गोपनीयतेचा भंग झाल्यास रुग्णाने प्रथम संस्थाप्रमुखांकडे वा शासकीय रुग्णालयाबाबत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करावी. डॉक्टरांच्या गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दाद मागता येते. ज्यांना कायदेशीर सल्ल्याचा खर्च परवडत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधावा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते.

रोगाशी लढण्यासाठी शासनाला खऱ्या माहितीची गरज असते आणि खरी माहिती निर्भय माणूसच देतो. कारखान्याच्या वाटेवर निघालेल्या एखाद्या स्त्रीने आपले दुखणे वेळेवर सांगावे असे वाटत असेल, तर तिने सांगितलेले जपून ठेवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याने प्रथम घेतली पाहिजे.