शिंपल्यांतील संरक्षक प्रथिने : जिवाणूंची ओळख व प्रतिकार

नीरा नदी बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूरच्या उत्तरेस पसरला असून पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी अखेर त्यातच येते. महाराष्ट्रातील नद्या-तलावांत आढळणारा लॅमेलिडेन्स हा शिंपला गाळात रुतून राहतो व कल्ल्यांद्वारे पाणी गाळून अन्न मिळवितो. साहजिकच पाण्यातील जिवाणू त्याच्या शरीरात अखंड प्रवेश करीत असतात. तरीही तो तग धरतो, तो कसा?

रोगप्रतिकार म्हणजे प्रतिपिंडे, हे समीकरण पदवी वर्गात इतके रुजले आहे की हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शिंपल्यास प्रतिपिंडे नसतात. मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या डिंभात पाहिलेले पेशीभक्षण आणि रक्तरसातील प्रथिने यांवरच त्याची भिस्त असते.

प्रथम ओळखीचा प्रश्न. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असते, तर ग्रॅम-धन जिवाणूंची भित्ती पेप्टिडोग्लायकनच्या जाड थराची असते. प्राण्याच्या स्वतःच्या पेशींत हे घटक नसतात. म्हणून तेच परकेपणाची खूण ठरतात. ही कल्पना जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडली. लेक्टिन नावाची प्रथिने जिवाणूच्या पृष्ठावरील शर्करा-साखळ्यांना चिकटतात. त्यांपैकी सी-प्रकारच्या लेक्टिनांना त्यासाठी बहुधा कॅल्शियम लागते. एका रेणूवर अनेक बंधस्थाने असल्याने जिवाणूंच्या गुठळ्या होतात व रक्तपेशींना त्या गिळणे सुलभ जाते.

यानंतर प्रत्यक्ष प्रतिकार होतो. लायसोझाइम पेप्टिडोग्लायकनचे बंध तोडते. मायटिलस या समुद्री शिंपल्यात १९९० च्या दशकात डिफेन्सिन, मायटिलिन व मायटिसिन ही लहान प्रथिने आढळली. प्रत्येकात सिस्टीनचे आठ अवशेष असून त्यांच्यातील गंधक-बंधांमुळे रेणू घट्ट राहतो. रेणूवर धनभार, जिवाणूच्या पटलावर ऋणभार. त्यामुळे प्रथिन पटलावर ओढले जाऊन त्याची अभेद्यता नष्ट करते. प्राणिपेशीचे बाह्य पटल बहुतांशी उदासीन असल्याने तिला इजा कमी पोहोचते.

या यंत्रणेचा एक गैरअर्थ मात्र प्रचलित आहे : शिंपले जिवंत आहेत, म्हणजे पाणी निर्धोक आहे. ही प्रथिने शिंपल्याचे रक्षण करतात, तो खाणाऱ्याचे नव्हे. शिंपले काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवल्यास आतड्यातील बरेचसे जिवाणू बाहेर पडतात. ऊतींत साठलेले जड धातू तितक्या सहज निघत नाहीत.