वाट सांगणारी डबी

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. तेथील एका गृहस्थांच्या मोटारीत, समोरच्या काचेला रबरी पकडीने बसविलेली तळहाताएवढी एक काळी डबी आजही दिसते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ती दिवाळीची भेट म्हणून आणली होती. खेड्यापाड्यांत त्या वेळी स्मार्टफोन घरोघर पोहोचलेले नव्हते. पडद्यावर रस्ता दाखविणारी आणि ‘पुढे डावीकडे वळा’ असे हिंदीत सांगणारी ही वस्तू पाहण्यास शेजारीपाजारी जमले होते. आता प्रत्येकाच्या खिशातील फोन हेच काम करतो. तरीही या गृहस्थांनी डबी काढून टाकलेली नाही. तिच्याविषयी त्यांना ममत्व आहे, आणि तिच्यावर विसंबावे कुठवर याची पुरती जाणीवही आहे. ही जाणीव त्यांना एका पावसाळी संध्याकाळी झाली.

डबीचे काम कसे चालते?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. अमेरिकेची ही व्यवस्था १९९५ साली पूर्णत्वास आली. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ यांचा संदेश सतत पाठवीत असतो. मोटारीतील डबी तो केवळ ऐकते. स्वतः काहीही पाठवीत नाही. संदेश किती वेळाने पोहोचला यावरून उपग्रहाचे अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली की आपली जागा निश्चित होते. या गणितात घड्याळाला फार महत्त्व आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी जमिनीवर तीनशे मीटरचा फरक पडतो.

प्रारंभी अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम अशुद्धता मिसळत असे. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि मोटारीत अशी यंत्रे वापरणे खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरले. गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या परदेशी कंपन्यांप्रमाणे, १९९५ साली स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीनेही अशी यंत्रे बाजारात आणली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात आपले सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची व्यवस्था उभारली.

या डबीचा मोठा गुण असा की नकाशा तिच्या पोटातच असतो. मोबाइलची रेंज नसली तरी तिचे काही अडत नाही. मेळघाटच्या वळणांवर सहप्रवाशांचे फोन मुके झाले असताना ही डबी शांतपणे वाट सांगत राहिली, असे हे गृहस्थ कौतुकाने सांगतात. मात्र महिना-दोन महिने बंद राहिल्यावर ती सुरू केली, तर आकाशातील उपग्रह शोधून काढण्यास तिला काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा लागतो.

एका नावाची अनेक गावे

पहिली परीक्षा घरापासूनच झाली. कारंजा हे नाव टिपताच डबीने दोन गावे समोर ठेवली : वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी शिरपूर शोधले, तेव्हा यादीत धुळे जिल्ह्यातील शिरपूर वर आले. वाशीम जिल्ह्याचे शिरपूर मालेगाव तालुक्यात आहे म्हणून मालेगाव टिपावे, तर नाशिक जिल्ह्यातील मालेगाव पुढे उभे! त्यात नावे इंग्रजी अक्षरांत टिपायची. इंझोरीतील ‘झ’ कोणत्या अक्षरांनी लिहावा, यावर नकाशे करणाऱ्यांचे एकमत नसते.

यावर त्यांनी सोपा उपाय काढला. गावाचे नाव निवडल्यावर डबी जे एकूण अंतर दाखविते, ते आधी पाहायचे. शिरपूरला जाण्यास शेकडो किलोमीटर दिसू लागले की यंत्राने भलतेच शिरपूर धरले, हे तत्काळ कळते. खात्याचा क्रमांक लिहिल्यावर खातेदाराचे नावही ताडून पाहावे, तसाच हा प्रकार.

जवळचा रस्ता

पावसाळ्याचे दिवस होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईंना शिरपूरचे दर्शन घडवून हे गृहस्थ मंगरूळपीरकडून परतत होते. आईंचा सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचा नियम अनेक वर्षांचा. दर्शनाला गर्दी असल्याने निघण्यास उशीर झाला होता. सूर्यास्तापूर्वी घर गाठावे, या घाईने त्यांनी डबीतील ‘कमी वेळ’ हा पर्याय बदलून ‘कमी अंतर’ हा पर्याय निवडला.

डबीने आज्ञा पाळली. थोड्याच वेळात तिने डांबरी रस्ता सोडावयास सांगितले. पुढे खडीचा रस्ता आणि नंतर कपाशी व तुरीच्या शेतांमधून जाणारी पांदण लागली. काळ्या मातीत चाके घसरू लागली. पडद्यावर मात्र ती पांदण हमरस्त्याइतकीच सरळ आणि स्वच्छ दिसत होती. घर किती मिनिटांवर आले, हा आकडाही आशा वाढविणाराच होता.

एका वळणावर गुरे घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्याने हात आडवा केला. ‘‘पुढं नका जाऊ भाऊ, नाल्याले पूर आला हाये. फरशी दिसूनच नाही राह्यली.’’ हे गृहस्थ उतरून थोडे पुढे गेले. फरशीवरून गढूळ पाणी वेगाने वाहत होते, कडेचे दगडही दिसेनासे झाले होते. आणखी दोनशे पावले मोटार गेली असती, तर अंधुक उजेडात ते पाणी कदाचित ध्यानातही आले नसते.

मोटार मागे वळविण्यास त्या म्हाताऱ्यानेच मदत केली. डबी मात्र पुन्हापुन्हा त्याच नाल्याकडे वळण्यास सांगत राहिली. अखेर तिचा आवाज बंद करावा लागला. घरी पोहोचेपर्यंत दिवे लागून बराच वेळ झाला होता. आईंनी त्या रात्री पाण्याचा घोटही घेतला नाही आणि तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘अरे, रस्ता त्या पेटीला विचारलास, पण पाऊस किती झाला ते कोणाला विचारलेस?’’

या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नव्हते. यंत्राने फसविले, असेही त्याला म्हणता येईना. कमी अंतर त्यानेच मागितले होते आणि डबीने तेच काढून दिले होते.

असे प्रसंग सर्वांनाच टळतात असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात नकाशाच्या आधाराने रात्री निघालेली एक मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. त्या वेळीही फोनवरील नकाशाची चर्चा झाली. रस्ता आहे एवढे नकाशाला ठाऊक असते. आज तो चालू आहे की नाही, हे कोणी कळविल्याशिवाय त्याला उमगत नाही.

नकाशा जुना होतो

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनही जातो. त्यावरून हे गृहस्थ प्रथम गेले, तेव्हा डबीची मोठी पंचाईत झाली. तिच्या नकाशात हा रस्ताच नव्हता. पडद्यावर मोटार मोकळ्या शेतातून धावताना दिसत होती आणि डबी जवळचा एखादा जुना रस्ता धरण्याचा आग्रह करीत होती. नातवंडांची हसून पुरेवाट झाली. आपण कोठे आहोत हे डबीने अचूक सांगितले होते. तेथे काय आहे, हे मात्र तिला माहीत नव्हते. उपग्रह आकाशातून जागा सांगतो, नकाशा मात्र जमिनीवर फिरून माणसालाच करावा लागतो.

ते काम किती कष्टाचे, याची एक खूण विदर्भातच आहे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. साखळ्या आणि सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र घेऊन त्यांनी वीस वर्षे उत्तरेकडे मोजणी केली. २० जानेवारी १८२३ रोजी, काम चालू असतानाच, हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. आज अंगठ्याच्या एका स्पर्शाने दिसणाऱ्या नकाशामागे अशी आयुष्ये खर्ची पडली आहेत.

काय जपावे?

इंझोरीच्या या गृहस्थांनी अनुभवाअंती काही नियम ठरविले आहेत. ते फोनवरील नकाशा वापरणाऱ्यांसही उपयोगी पडावेत. निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग आणि एकूण अंतर एकदा पाहावे. ‘कमी अंतर’ हा पर्याय पावसाळ्यात वापरू नये. मोटार चालू असताना पडद्यावर काही टिपू नये. ते काम शेजारी बसलेल्याने करावे. नकाशा अद्ययावत ठेवावा आणि रेंज नसलेल्या भागात जाताना तो फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. रात्री अनोळखी लहान रस्त्याला लागू नये. वाहत्या पाण्यात, ते कितीही उथळ वाटले तरी, मोटार घालू नये.

डबी आजही काचेवर आहे. परंतु डांबरी रस्ता सोडण्यास ती सांगू लागली की गृहस्थ मोटार बाजूला घेतात, काच खाली करतात आणि जवळ जो कोणी असेल त्याला विचारतात, ‘‘का हो भाऊ, हा रस्ता चालू आहे का?’’ मागच्या आसनावर बसलेल्या आईंचेही उत्तराकडे लक्ष असते.